इंटरप्ट जातो कुठे? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. एकाहून अधिक प्रोसेसर असलेल्या लिनक्स सर्व्हरवर नेटवर्क कार्डाचे इंटरप्ट, म्हणजे ‘काम आले आहे’ असे कार्डाने प्रोसेसरला दिलेले इशारे, नेमके कुठे पोहोचतात, आणि ते नको तिथे पोहोचले किंवा पोहोचलेच नाहीत तर काय होते, हा तो विषय. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत. आकडे मात्र वाचकांनी पाठवले तसेच ठेवले आहेत.

प्रश्न : आमचा तालुक्याच्या गावी ब्रॉडबँडचा व्यवसाय आहे. सुमारे नऊशे जोडण्या एकाच सर्व्हरवरून चालतात आणि ग्राहकांचे राउटर पीपीपीओई पद्धतीने लॉगिन होतात. सर्व्हरला आठ कोअर आणि दहा गिगाबिटचे दोन पोर्ट आहेत. एक पोर्ट वरच्या पुरवठादाराकडे जातो, दुसरा ग्राहकांकडे. रात्री नऊ ते अकरा या वेळेत सर्वांचे डाउनलोड मंदावते, पण आलेखावर प्रोसेसरचा वापर १५ टक्क्यांच्या वर जात नाही. कार्ड बदलून पाहिले, फरक पडला नाही. नवीन सर्व्हर घ्यावा का? (सातारा जिल्हा)

उत्तर : घेऊ नये, निदान आत्ताच नाही. आलेखावरचा आकडा आठही कोअरची सरासरी दाखवतो. एक कोअर काठोकाठ भरला आणि उरलेले सात रिकामे बसले, तरी सरासरी साडेबारा टक्केच येणार. त्यामुळे आपण पाठवलेले १५ टक्के निर्धास्त करण्याऐवजी संशय वाढवणारे आहेत. रात्री साडेनऊच्या सुमारास टॉप हा आदेश चालवून १ ही कळ दाबावी, म्हणजे प्रत्येक कोअरची ओळ सुटी दिसते. त्या ओळीत एचआय आणि एसआय असे दोन रकाने असतात. पहिला प्रत्यक्ष हार्डवेअर इंटरप्ट हाताळण्यात गेलेला वेळ दाखवतो, तर दुसरा त्या इंटरप्टने मागे सोडलेले काम, म्हणजेच सॉफ्ट इंटरप्ट, उरकण्यात गेलेला. नेटवर्कच्या बाबतीत पाणी नेहमी दुसऱ्या रकान्यात मुरते, कारण कार्डाच्या इंटरप्टला उत्तर देणारा ड्रायव्हर स्वतः फारसे काही करत नाही. तो कार्डाचा पुढील इंटरप्ट तात्पुरता बंद करतो, ‘पॅकेटे आली आहेत’ एवढी नोंद ठेवतो आणि बाजूला होतो. पॅकेट, म्हणजे माहितीचा एकेक तुकडा, उचलणे, तपासणे, त्याचा मार्ग ठरवणे हे सारे त्यानंतर त्याच कोअरवर होते. इंटरप्ट ज्याच्या दारात गेला, त्यालाच पुढचा सगळा पाहुणचार करावा लागतो.

आमच्या विनंतीवरून या वाचकांनी प्रॉक या फाइलव्यवस्थेतील इंटरप्ट्स नावाची फाइल दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा उतरवून पाठवली; एक जोडी संध्याकाळी पाचची, दुसरी रात्री साडेनऊची. या फाइलमध्ये प्रत्येक इंटरप्टसाठी एक ओळ आणि प्रत्येक कोअरसाठी एक रकाना असतो, आणि आकडे सर्व्हर सुरू झाल्यापासूनचे एकूण असतात. म्हणून ती एकदा पाहून काही कळत नाही. दोन प्रतींची वजाबाकी करावी लागते. पुरवठादाराकडील पोर्टच्या आठ रांगा (आलेली पॅकेटे कार्ड ज्यांत वाटून ठेवते त्या) आठ ओळींत दिसतात आणि पाच वाजता त्या प्रत्येकीत दहा सेकंदांत ३८ ते ४४ हजारांची वाढ आहे, म्हणजे तिकडे वाटप उत्तम चालले आहे. ग्राहकांकडील पोर्टलाही आठच रांगा आहेत. मात्र तिथे रांग ०ची वाढ ८१ हजार, आणि उरलेल्या सात रांगांची वीसच्या आसपास. मेख इथेच आहे.

रात्रीच्या जोडीत याच रांग ०ची वाढ अवघी तीन हजारांवर आली आहे, आणि त्यावरून वाचकांनी असे लिहिले आहे की रात्री इंटरप्ट कमी होतात, त्यामुळे दोष इंटरप्टांचा नसावा. हा समज अगदी स्वाभाविक आहे, पण उलटा आहे. लिनक्समध्ये २००० सालानंतर नापी नावाची योजना आली. तिच्यात इंटरप्ट एकदाच वाजतो आणि पॅकेटे संपेपर्यंत कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःच कार्डाकडे पुन्हापुन्हा डोकावत राहतो. पॅकेटे संपली तरच इंटरप्ट पुन्हा चालू केला जातो. रात्री साडेनऊला पॅकेटे संपतच नाहीत, म्हणून इंटरप्ट चालू होण्याची वेळच येत नाही. अतिभाराखाली इंटरप्टांची संख्या घसरणे हे आराम पडल्याचे नव्हे, तर दम लागल्याचे लक्षण असते. याची खूण म्हणजे त्याच वेळी टॉपच्या यादीत केसॉफ्टआयआरक्यूडी नावाची, मागे ० जोडलेली प्रक्रिया सर्वात वर दिसते. आपल्या छायाचित्रात ती आहे, ९८ टक्क्यांवर.

आता प्रश्न उरतो तो असा की कार्डाला आठ रांगा असताना ग्राहकांकडील सगळी वाहतूक एकाच रांगेत का शिरते. रांगांमध्ये वाटप करण्यासाठी कार्ड प्रत्येक पॅकेटमधील आयपी पत्ते आणि पोर्ट क्रमांक घेऊन त्यांचा हॅश, म्हणजे त्यांवरून हिशेबाने येणारी एक संख्या, काढते आणि त्यावरून रांग ठरवते. पीपीपीओई पॅकेटमध्ये मात्र इथरनेटच्या शीर्षकानंतर लगेच आयपी येत नाही. मध्ये सत्राचा क्रमांक सांगणारे वेगळे शीर्षक असते. बहुसंख्य कार्डांना हे मधले शीर्षक ओलांडून आत पाहता येत नाही. ज्या पॅकेटचा हॅश काढता आला नाही ते पॅकेट रांग ०मध्ये, असा कार्डाचा साधा नियम असतो. आपण कार्ड बदलले तरी फरक पडला नाही, तो यामुळे. नव्या कार्डालाही तीच भाषा येत नव्हती.

तक्रार डाउनलोडची आणि कोंडी ग्राहकांकडील पोर्टवर, म्हणजे अपलोडच्या वाटेवर, हेही कोडे वाटेल. ग्राहक चित्रपट उतरवून घेतो तेव्हा त्याच्याकडून दर एक-दोन पॅकेटांमागे पोहोचपावती परत यावी लागते. त्या पावत्या रांग ०च्या कोंडीत अडकल्या किंवा गळाल्या की पाठवणारा सर्व्हर आपला वेग आपणहून कमी करतो. पावत्या आकाराने लहान असल्या तरी संख्येने पुष्कळ असतात आणि कोअरला पडणारा भार बाइटांच्या हिशेबाने नव्हे, तर पॅकेटांच्या संख्येने ठरतो. दहा गिगाबिटच्या तारेवरून सर्वात लहान आकाराची पॅकेटे सलग आली तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार येऊ शकतात. हीच तार पूर्ण आकाराच्या पॅकेटांनी भरली तर ती संख्या सव्वाआठ लाखांच्या आत राहते. म्हणूनच पोर्टवर दोन गिगाबिटदेखील वाहत नसताना कोअर गुदमरू शकतो.

उपाय कर्नलमध्येच आहे. आवृत्ती २.६.३५ पासून, म्हणजे २०१० पासून, लिनक्समध्ये आरपीएस नावाची सोय आहे. कार्डाला जे वाटप जमत नाही ते ती सॉफ्टवेअरमध्ये करते, आणि कर्नलला पीपीपीओईच्या आत शिरून आयपी पत्ते वाचता येतात. ही सोय मुळात बंद असते. सिस या फाइलव्यवस्थेत क्लास, त्यात नेट, त्यात ग्राहकांकडील पोर्टचे नाव, त्याखाली क्यूज आणि त्यात आरएक्स-० अशी वाट आहे. तिथल्या आरपीएस-सीपीयूज या फाइलमध्ये सोळाच्या पायाच्या पद्धतीत एफई असे लिहावे. एफई म्हणजे आठ बिटांपैकी शेवटचा सोडून बाकी सगळे १. त्यामुळे कोअर १ ते ७ यांना काम मिळेल आणि कोअर ० केवळ पॅकेट उचलून वाटण्यापुरता मोकळा राहील. एका जोडणीची सगळी पॅकेटे एकाच कोअरकडे जातात, म्हणून त्यांचा क्रम बिघडत नाही.

हे केल्यावर पुन्हा इंटरप्ट्सची फाइल पाहाल तर रांग ०ची स्थिती जवळपास पूर्वीसारखीच दिसेल, घाबरू नये. आरपीएसने हार्डवेअर इंटरप्ट हलत नाहीत, त्यांच्या मागचे काम हलते. ते प्रॉकमधील सॉफ्टआयआरक्यूज या फाइलच्या नेट-आरएक्स ओळीत दिसेल, आणि इंटरप्ट्सच्या फाइलमध्ये तळाशी सीएएल नावाची ओळ वेगाने वाढू लागेल, कारण कोअर ० आता शेजाऱ्यांना हाका मारतो आहे. तिसरी पाहण्याजोगी फाइल प्रॉकमधील नेट या फोल्डरात सॉफ्टनेट-स्टॅट नावाने आहे. तिच्यात दर कोअरला एक ओळ असते आणि आकडे सोळाच्या पायाचे असतात. दुसरा रकाना वाढत असेल तर त्या कोअरपुढची रांग भरून पॅकेटे टाकून दिली जात आहेत. या रांगेची मर्यादा मुळात १००० पॅकेटांची असते आणि नेटडेव्ह-मॅक्स-बॅकलॉग या सेटिंगने ती वाढवता येते. तिसरा रकाना वाढत असेल तर कोअरला एका फेरीत दिलेली मुदत किंवा ३०० पॅकेटांचा वाटा संपतो आहे आणि तरी काम शिल्लक राहते आहे.

आरपीएस लावूनही कोअर ० भरलेलाच राहिला, तर ग्राहकांना दोन पोर्टवर विभागावे. तेव्हा दोन रांग ० तयार होतील आणि त्या दोन वेगळ्या कोअरवर बांधता येतील. आपल्या गावात दोन दिशांना जाणाऱ्या फायबर आधीच असतील तर हे काम अर्ध्या दिवसाचे आहे, आणि खर्चही नव्या सर्व्हरच्या मानाने किरकोळ आहे.

प्रश्न : आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला एक जुना, दोन प्रोसेसरचा सर्व्हर मिळाला आहे. त्यात पीसीआय स्लॉटमध्ये जादा नेटवर्क कार्ड बसवले. कधी दोन तासांनी, तर कधी दोन दिवसांनी हे कार्ड एकदम मुके होते. कर्नलच्या नोंदींत ‘आयआरक्यू १६ : नोबडी केअर्ड’ आणि त्यानंतर ‘डिसेबलिंग आयआरक्यू १६’ असे येते (आयआरक्यू १६ म्हणजे १६ क्रमांकाचा इंटरप्ट). इंटरनेटवर वाचून बूटच्या ओळीत नोॲपिक हा पर्याय दिला. तेव्हापासून कार्ड चालते, पण सगळे इंटरप्ट पहिल्याच प्रोसेसरवर जातात. असेच ठेवावे का? विद्यार्थी कारणही विचारतात. (सांगली)

उत्तर : विद्यार्थी कारण विचारतात हे वाचून बरे वाटले, म्हणून आधी कारण.

पीसीआय बसवर इंटरप्टसाठी चार तारा असतात आणि त्या सामाईक असतात; एका तारेवर तीन-चार उपकरणेही बसू शकतात. ज्याला काही सांगायचे आहे ते उपकरण तार खाली ओढते आणि त्याचे काम होईपर्यंत ओढूनच धरते. वाड्याच्या दिंडीला एकच घंटा असावी, चार बिऱ्हाडांचे पाहुणे तीच वाजवणार आणि कोणीतरी दार उघडून विचारेपर्यंत दोरी सोडणार नाहीत, तसा हा प्रकार. घंटा वाजली की कर्नल त्या तारेवरच्या प्रत्येक ड्रायव्हरला क्रमाने विचारतो, ‘तुमच्याकडचे का?’ ज्याचे असेल तो होकार देतो आणि आपल्या उपकरणाला तार सोडायला लावतो. चारही ड्रायव्हरांनी नाही म्हटले, तर तार ओढलेलीच राहते, इंटरप्ट लगेच पुन्हा येतो, आणि प्रोसेसर दुसरे काहीच करू शकत नाही. यावर तोड म्हणून कर्नल मोजदाद ठेवतो : एका तारेवरच्या १,००,००० इंटरप्टांपैकी ९९,९०० हून अधिक बेवारस निघाले, तर तो ती तारच बंद करतो. ‘नोबडी केअर्ड’चा अर्थ शब्दशः तोच आहे, कोणीच वाली निघाला नाही.

यातून निघणारी महत्त्वाची गोष्ट अशी की मुके झालेले कार्ड बहुधा निर्दोष असते. शेजाऱ्याने गोंधळ घातला आणि तार तुटली ती सर्वांची. आपण पाठवलेल्या इंटरप्ट्सच्या फाइलच्या प्रतीत ओळ १६च्या शेवटी स्वल्पविरामाने जोडलेली दोन नावे आहेत : एक यूएसबी नियंत्रकाचे आणि एक आपल्या कार्डाचे. आमचा संशय पहिल्यावर आहे. ‘कधी दोन तासांनी, कधी दोन दिवसांनी’ हे वेळापत्रक कार्डापेक्षा कोणी पेन ड्राइव्ह किंवा माऊस लावण्याच्या वेळांशी अधिक जुळते का, हे हजेरीपटासारखे लिहून ठेवून पाहावे. बायॉसमधून, म्हणजे यंत्र सुरू होताना चालणाऱ्या बोर्डावरील मूळ प्रोग्रॅममधून, तो नियंत्रक चार दिवस बंद ठेवला आणि दोष गेला, तर चोर सापडला.

असे दोष पाहताना पहिल्याच पायरीवर एक भेद करावा लागतो. कार्ड मुके झाल्याचे बाहेरून दिसते, पण त्यामागे एकमेकांच्या उलट असे दोन आजार असू शकतात. पहिल्यात इंटरप्टांचा पूर येतो. तो आपला आजार आहे. दुसऱ्यात इंटरप्ट येतच नाही : कार्ड पॅकेट पाठवते, पाठवल्याची खबर प्रोसेसरपर्यंत पोहोचत नाही, आणि काही सेकंद वाट पाहून कर्नल ‘नेटडेव्ह वॉचडॉग : ट्रान्समिट टाइम्ड आउट’ अशी नोंद करून कार्ड नव्याने सुरू करतो. तेव्हा इंटरप्ट्सच्या फाइलमध्ये कार्डाच्या ओळीतला आकडा शून्यावर किंवा एखाद्या जुन्या संख्येवर गोठलेला असतो, कितीही पिंग केले तरी हलत नाही. आमच्या ओळखीच्या एका कार्यालयात याच आजारावर आधी केबल बदलली, मग स्विच बदलला, मग कार्ड, आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी तो गोठलेला आकडा पाहिला. वायरिंग करणाऱ्या माणसाचे बिल मात्र तोपर्यंत मंजूर झाले होते.

आता नोॲपिकविषयी. जुन्या पीसीत इंटरप्ट गोळा करण्याचे काम ८२५९ जातीच्या दोन चिप करत. दुसरी पहिलीच्या एका तारेवर टांगलेली असल्यामुळे वापरायला १५ तारा उरत, आणि या जोडीला प्रोसेसर एकच ठाऊक होता. दोन प्रोसेसरच्या यंत्रांसाठी आयओ-ॲपिक ही वेगळी चिप आली. इंटेलच्या ८२०९३एए या चिपमध्ये २४ तारा येतात आणि प्रत्येक तार कोणत्या प्रोसेसरकडे पाठवायची ते ठरवता येते. मात्र कोणत्या स्लॉटची कोणती तार चिपच्या कोणत्या पायाला जोडली आहे, हे कर्नलला आपणहून कळत नाही. ते मदरबोर्डाच्या बायॉसने एका तक्त्यात लिहून ठेवायचे असते. हा तक्ता कसा असावा ते इंटेलच्या मल्टिप्रोसेसर स्पेसिफिकेशनमध्ये सांगितले होते, ज्याची १.४ ही आवृत्ती १९९७ची आहे. पुढे हे काम एसीपीआय या नंतरच्या मानकाकडे गेले. तक्ता चुकला की घंटा एका घराची आणि दार दुसऱ्याच घराचे उघडते. पूर आणि दुष्काळ हे दोन्ही आजार या एकाच चुकीतून होऊ शकतात. नोॲपिक दिल्यावर कर्नल हा तक्ता बाजूला ठेवून जुन्या जोडीवर परततो, आणि इंटरप्ट्सच्या फाइलमधील ओळीच्या मधल्या भागात आयओ-ॲपिकच्या जागी एक्सटी-पिक असे दिसू लागते. आपल्याकडे तो चालला याचा अर्थ तक्ता चुकीचा होता, एवढाच निघतो असे नाही. जुन्या वाटणीत यूएसबी नियंत्रक आणि कार्ड वेगळ्या तारांवर गेले असतील, एवढ्यानेही भागले असेल.

प्रयोगशाळेतील फायली पुरवणाऱ्या, गिगाबिटच्याच एका कार्डाच्या सर्व्हरसाठी सगळे इंटरप्ट पहिल्या प्रोसेसरवर गेले तरी बिघडत नाही. तरीही आम्ही नोॲपिक कायम ठेवणार नाही. त्याने दोष झाकला जातो, आणि उद्या आणखी एक कार्ड बसवले की तोच दोष नव्या चेहऱ्याने उभा राहतो. आपण पुढील क्रमाने जावे. प्रथम बोर्डाच्या निर्मात्याचे अखेरचे बायॉस चढवावे. या जातीचे निम्मे दुखणे तिथेच थांबते असा आमचा अनुभव आहे. ते जमत नसेल तर कार्ड शेजारच्या स्लॉटमध्ये हलवावे. हा तोडगा जादूटोण्यासारखा वाटतो, पण त्यामागे साधे कारण आहे : एका स्लॉटची पहिली तार पुढच्या स्लॉटच्या दुसऱ्या तारेशी, अशी तिरकी जोडणी बोर्डावर केलेली असते, म्हणून एक घर सरकले की सामाईक तारेवरचे शेजारीही बदलतात. तिसरा मार्ग तारेलाच फाटा देण्याचा. अनेक कार्डे एमएसआय पद्धतीने, म्हणजे तार न ओढता मेमरीतील ठरावीक पत्त्यावर एक संदेश लिहून, इंटरप्ट देऊ शकतात, आणि या संदेशात सहसा वाटेकरी नसतो. एलएसपीसीआय हा आदेश व्ही जोडून, रूट म्हणून चालवला तर कार्डाखाली एमएसआयची ओळ दिसते आणि तिच्यात इनेबल या शब्दापुढे अधिक किंवा वजा चिन्ह असते. वजा असेल तर ड्रायव्हरची नवी आवृत्ती किंवा त्याचा पर्याय शोधावा. जुन्या चिपसेटांपैकी काहींना एमएसआय झेपत नाही, हेही लक्षात असू द्यावे. तिथे चालू एमएसआयमुळेच इंटरप्ट हरवतात आणि कर्नलला पीसीआय-नोएमएसआय सांगावे लागते.

कर्नल आपल्या नोंदीत जो आयआरक्यूपोल हा बूटचा पर्याय सुचवतो, तो बेवारस इंटरप्ट आला की सगळ्याच ड्रायव्हरांची दारे ठोठावतो. निदान होईपर्यंत वर्ग चालू ठेवायला तो ठीक आहे.

प्रश्न : कार्डाचे इंटरप्ट कोअर ८वर जावेत म्हणून मी एसएमपी-ॲफिनिटीच्या फाइलमध्ये ८ लिहिले. ते कोअर ३वर गेले, आणि थोड्या वेळाने तिथूनही हलले. दुसऱ्या एका इंटरप्टच्या फाइलमध्ये तर लिहूच देत नाही, ‘इनपुट आउटपुट एरर’ येते. (नागपूर)

उत्तर : यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. त्या फाइलमध्ये कोअरचा क्रमांक लिहायचा नसतो, बिटांची माळ, म्हणजेच मास्क, सोळाच्या पायाने लिहायची असते. ८ म्हणजे उजवीकडून चौथे बिट, आणि मोजणी शून्यापासून असल्यामुळे तो कोअर ३ झाला. कोअर ८साठी १०० लिहावे लागेल. हा हिशेब नको असेल तर त्याच फोल्डरात एसएमपी-ॲफिनिटी-लिस्ट नावाची फाइल आहे. तिच्यात सरळ ८, किंवा ८-११ असे लिहिता येते. लिहिल्यानंतर पुढचा इंटरप्ट येईपर्यंत बदल दिसत नाही, म्हणून थोडी वाहतूक पाठवून मगच तपासावे, आणि खात्रीसाठी इफेक्टिव्ह-ॲफिनिटी ही फाइल वाचावी. आपण काय मागितले ते पहिलीत असते, प्रत्यक्ष काय मिळाले ते हिच्यात.

थोड्या वेळाने इंटरप्ट हलवणारा आहे आयआरक्यूबॅलन्स. ही सेवा दर दहा सेकंदांनी इंटरप्टांची वाटणी नव्याने जोखते आणि आपण हाताने लिहिलेले मुकाट पुसते. ती बंद करावी, किंवा बॅन-आयआरक्यू या पर्यायाने तेवढा इंटरप्ट तिच्या कक्षेबाहेर काढावा. आपल्या स्क्रिप्टमध्ये इंटरप्टचा क्रमांक मात्र थेट लिहून ठेवू नये, कारण सर्व्हर पुन्हा सुरू झाला की क्रमांक बदलू शकतात. ओळीच्या शेवटच्या नावावरून क्रमांक शोधून घ्यावा.

लिहू न देणारा इंटरप्ट बहुधा एनव्हीएमई या वेगवान जातीच्या डिस्कचा असणार. अशा काही उपकरणांच्या इंटरप्टांची वाटणी कर्नल स्वतःच्या हातात ठेवतो. तो दोष नव्हे. तिथे हात घालू नये.

प्रश्न : दोन सॉकेटचा, एकूण ३२ कोअरचा सर्व्हर आहे, हायपर-थ्रेडिंग बंद आहे. दहा गिगाबिटच्या कार्डाने ३२ रांगा उघडल्या आहेत आणि इंटरप्ट सगळ्या कोअरवर समान वाटले जातात. तरीही चाचणीत वेग प्रत्येक वेळी वेगळा येतो, कधी साडेनऊ गिगाबिट, कधी सहा. समान वाटप असूनही असे का? (पुणे)

उत्तर : समान वाटपामुळेच. कार्डाचा स्लॉट दोनपैकी एका सॉकेटला, म्हणजे प्रोसेसरच्या एका बैठकीला, जोडलेला असतो. दुसऱ्या सॉकेटवरच्या कोअरला पॅकेट वाचायचे तर दोन सॉकेटमधील दुव्यावरून जावे लागते. लहान पॅकेटांच्या पूर्ण भारात दहा गिगाबिटवर एका पॅकेटच्या वाट्याला जेमतेम ६७ नॅनोसेकंद येतात, आणि पलीकडच्या सॉकेटच्या मेमरीची एक फेरीच त्याहून अधिक वेळ घेऊ शकते. आपल्या चाचणीतील जोडणीचा हॅश कोणत्या रांगेत पडला, ती रांग अलीकडच्या सॉकेटवर आहे की पलीकडच्या, आणि चाचणीचा प्रोग्रॅम त्या वेळी कुठे चालत होता, यांवर प्रत्येक वेळचा निकाल ठरतो. एकाच जोडणीने चाचणी घेतली असेल तर त्याला नाणेफेक म्हणायला हरकत नाही.

सिसमध्ये पोर्टच्या नावाखाली डिव्हाइस आणि त्यात नुमा-नोड अशी फाइल आहे, ती वाचावी. ० किंवा १ आले तर तोच सॉकेट. वजा एक आले तर बायॉसने माहिती दिलेली नाही, किंवा बायॉसमध्ये नोड इंटरलीव्हिंगसारखे (दोन्ही सॉकेटची मेमरी एकत्र मिसळणारे) काही चालू ठेवले आहे, ते आधी पाहावे. मग इथटूलच्या मोठ्या एल या पर्यायाने रांगा ३२ वरून १६ वर आणाव्यात आणि त्या सोळाही कार्डाच्या सॉकेटवरील सोळा कोअरवर एकास एक बांधाव्यात. रांगा कमी केल्या की वेग वाढतो, हे पुष्कळांना पटत नाही. आम्हालाही प्रथम पटले नव्हते. चाचणीचा प्रोग्रॅमही नुमासीटीएलने त्याच सॉकेटवर चालवावा. कोअर आणि सॉकेट यांची जुळणी एलएससीपीयूमध्ये दिसते. ती डोळ्यांनी पाहूनच मास्क लिहावा, कारण कित्येक सर्व्हरमध्ये सम क्रमांकांचे कोअर एका सॉकेटवर आणि विषम दुसऱ्यावर असतात, आणि ०-१५ असे सरळ लिहिणारा माणूस नकळत दोन्हीकडे अर्धेअर्धे बांधून बसतो.

हे झाल्यावरही आकडे हलत असतील, तर इथटूलच्या लहान सी या पर्यायात आरएक्स-यूसेक्स किती आहे ते कळवावे. कार्ड एक इंटरप्ट देण्याआधी किती मायक्रोसेकंद पॅकेटे साठवते, ते हा आकडा सांगतो. काही ड्रायव्हर तो भारानुसार आपोआप बदलतात. चाचणीपुरता तो एका किमतीवर स्थिर केला, तर निकालातील चढउताराचे एक कारण कमी होईल. पत्रासोबत नुमा-नोडचे उत्तर आणि इंटरप्ट्सच्या फाइलच्या, दहा सेकंदांच्या अंतराने घेतलेल्या दोन प्रती जोडाव्यात. एका प्रतीवरून आम्हालाही काही सांगता येणार नाही.